चावी हातातून गेल्याची तारीख

केडगावातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी तेवीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची नऊ वर्षं माझं काम सही करण्याचं होतं. हे सांगितलं की समोरच्याला वाटतं, बाई मोठ्या हुद्द्यावर असणार. मग मी सांगते की सही कागदावर नाही, प्रोग्रामवर करायची असते. तो विचारतो, "म्हणजे नक्की काय?" आणि मी सांगायला लागले की त्याला काहीतरी काम आठवतं. निवृत्त झाल्यापासून हे इतक्या वेळा झालं आहे की एकदा सगळं लिहूनच काढावं असं ठरवलं. वाचता वाचता कुणी उठून गेलं तरी मला ते दिसणार नाही.

आमची कंपनी पुणे रस्त्याला टायरच्या दुकानावर होती. तीन खोल्या आणि एक गच्ची. आम्ही दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर करायचो. शेतकरी सकाळी कॅन घेऊन केंद्रावर येतो, दूध काट्यावर जातं, मशीन फॅट सांगतं आणि संगणक पावती काढतो. ती पावती काढणारा प्रोग्राम आमचा. जिल्ह्यात तीनशेच्या आसपास केंद्रांवर तो चालायचा. मालक सुभाषराव. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. स्वभावाने मऊ माणूस, फक्त सगळ्या गोष्टींना एकच पासवर्ड ठेवायचे. मुलीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. ऑफिसच्या चहावाल्यालाही तो माहीत होता.

मी लागले टायपिस्ट म्हणून. शेतकऱ्यांची नावं मराठीत टाइप करायची. पुढे फोन घेऊ लागले, मग केंद्रांना प्रोग्रामच्या नवीन आवृत्त्या पाठवू लागले. प्रोग्रामिंग मला तेव्हाही येत नव्हतं आणि आजही येत नाही. हे मी कधी लपवलं नाही. कुणी विचारलंही नाही.

सहीचं काम सुरू झालं ते काशिनाथमामांमुळे. हे पारनेर तालुक्यातल्या एका केंद्राचे सचिव. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, कमी बोलणारे आणि बोलले की पंचाईत करणारे. आम्ही पाठवलेली नवीन आवृत्ती त्यांनी उघडायला घेतली आणि मला फोन केला.

"मॅडम, ह्यो कॉम्प्युटर म्हनतोय तुमची वळख न्हाई."

"असू द्या मामा. खाली 'तरीही चालू करा' असं आहे, ते दाबा."

"दाबतो. पर उद्या एखाद्या चोरानं असंच काय पाठिवलं तर कॉम्प्युटर काय म्हनंल?"

"तेच म्हणेल."

"आन् आमी काय दाबायचं?"

मी साहेबांना जाऊन हा प्रश्न सांगितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "सर्टिफिकेट घ्यावं लागेल."

दुधाचा टँकर भरून निघाला की त्याच्या झाकणाला सील लावतात. सीलवर कुणाचं ते कळतं, आणि वाटेत कुणी झाकण उघडलं तर सील तुटलेलं दिसतं. प्रोग्रामवरची सही म्हणजे असंच सील. केंद्रावरचा संगणक ते बघतो आणि म्हणतो, हे अमुक कंपनीचं आहे आणि मधे कुणी हात लावलेला नाही. सील कुणाचं आहे याची खात्री देणारी एक संस्था असते. ती तुमची कागदपत्रं तपासते आणि सर्टिफिकेट देते. सर्टिफिकेट जगाने पाहिलं तरी चालतं. ते सील ज्याने उमटतं ती चावी मात्र कुणाच्या हाती लागू द्यायची नसते. चावी म्हणजे एक भलामोठा आकडा. तो ज्याच्याकडे, त्याला आमच्या नावाने जगातल्या कुठल्याही प्रोग्रामवर सील मारता येतं. माझं काम एवढंच, की नवीन आवृत्ती तयार झाली की चावीने तिच्यावर सही करायची, वहीत लिहायचं आणि चावी सांभाळायची. साहेबांनी हे काम मला दिलं, कारण माझ्याकडे कपाटाच्या किल्ल्या आधीपासूनच होत्या.

सुरुवातीला चावी म्हणजे संगणकातली एक फाइल होती आणि तिला पासवर्ड होता. पासवर्ड कुठला हे सांगायला नको. मी तो बदलला तेव्हा साहेबांना थोडं वाईट वाटलं.

नंतर नियम बदलले. चावी नुसती फाइलमधे ठेवायची नाही असं ठरलं आणि पेनड्राइव्हसारखं दिसणारं एक टोकन कुरियरने आलं. त्याचा पासवर्ड ठरावीक वेळा चुकला की ते कायमचं बंद पडायचं. एकदा मी मुलाच्या प्रवेशासाठी दोन दिवस रजेवर असताना साहेबांना घाई झाली. त्यांनी मुलीच्या नावापुढे वेगवेगळे आकडे टाकून पाहिले. मी परत आले तेव्हा टोकन टेबलावर रुमालावर ठेवलेलं होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, हे जरा नाराज झालंय." दुसरं टोकन येईपर्यंत आम्ही एकही सुधारणा बाहेर पाठवू शकलो नाही. मी कुणाला काही बोलले नाही. साहेब मात्र पंधरा दिवस माझ्यासाठी रोज वडापाव मागवत होते.

मग आलं क्लाऊड. चावी आता सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्याच कुठल्याशा बंदिस्त यंत्रात राहणार. आपण इंटरनेटवरून आत जायचं, पासवर्ड द्यायचा आणि मोबाइलवर दिसणारा सहा आकडी कोड टाकायचा. हा कोड दर तीस सेकंदांनी बदलतो. पासवर्ड माझ्या डोक्यात, कोड माझ्या मोबाइलमधे. म्हणजे आता कपाटाचं काम संपलं आणि कपाट मीच झाले.

इथे संतोषची ओळख करून द्यायला हवी. संतोष आमचा मुख्य प्रोग्रामर. जामखेडकडचा, तेव्हा पस्तिशीचा. आई-वडील पूर्वी ऊसतोडीला जायचे. त्याला नोकरी लागल्यावर त्याने त्यांचं जाणं बंद केलं आणि ते गावाकडेच राहू लागले. तो आणि बायको उज्ज्वला केडगावातच दोन खोल्यांत भाड्याने राहत. आमच्या प्रोग्राममधलं चांगलं जे होतं ते बहुतेक त्याने केलेलं. केंद्रावरचा प्रोग्राम सुरू होताना आपल्याच सहीची तपासणी करतो आणि सही खोटी निघाली तर उघडत नाही, ही सोयही त्याचीच. तिचं पुढे काय झालं ते येईलच.

त्या मार्गशीर्षात खर्ड्याला माझ्या भाचीचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी दुपारी संतोषचा फोन आला. आदल्या दिवशी पाठवलेल्या आवृत्तीत गडबड होती. सकाळी घातलेलं दूध पावतीवर संध्याकाळचं म्हणून छापून येत होतं. शेतकरी संध्याकाळी परत दूध घेऊन आले की प्रोग्राम म्हणणार होता, तुमचं आत्ताचं दूध आधीच आलंय. केंद्रांवर पावत्यांवरून भांडणं आत्ताच सुरू झाली होती. संतोषने चूक दुरुस्त केली होती, फक्त सही हवी होती.

मांडवात फोन लागेना. किल्ल्याकडच्या रस्त्याला रेंज येते असं कुणीतरी सांगितलं. मी अंगाला हळद लागलेली, पैठणी सावरत तिथे जाऊन उभी राहिले. पासवर्ड मी फोनवर सांगणार नाही म्हटल्यावर त्याने युक्ती काढली. आदल्या दिवशी मी माझ्या संगणकावर आत शिरून ठेवलं होतं, ते अजून बंद झालेलं नव्हतं. आता नुसता कोड हवा होता. मी कोड वाचायचा, त्याने टाकायचा, तीस सेकंदांत.

"चार, सात, सात..."

"मॅडम, आठ का सात?"

"सात! सातबाऱ्यातला सात!"

तेवढ्यात कोड बदलायचा. मागून डीजे. आठव्या की नवव्या खेपेला एक म्हातारे गृहस्थ सायकल थांबवून उभे राहिले. मी आकडे ओरडून संपवले तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, लॉटरी लागली का?"

सही झाली. संध्याकाळचं दूध संध्याकाळचं म्हणून छापलं गेलं. मी परत गेले तेव्हा हळद संपली होती आणि बहीण माझ्याशी बोलत नव्हती.

सोमवारी ऑफिसात संतोष माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसला. "मॅडम, असं किती दिवस चालायचं? पासवर्ड आणि तो कोड जिथून तयार होतो ती अक्षरांची ओळ, दोन्ही मला एकदाच द्या. मी स्क्रिप्टमधे बसवतो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्राममधे. आवृत्ती तयार झाली की सही आपोआप होईल. तुम्हाला लग्नातून उठायला नको."

पासवर्ड लिहून ठेवायचा नाही आणि कुणाला द्यायचा नाही, हे मीच सगळ्यांना सांगत आले होते. मी तासभर दुसरी कामं केली. मग वही उघडून ती अक्षरांची ओळ त्याला वाचून दाखवली आणि पासवर्ड सांगितला. म्हटलं, "हे दोघांतच राहू दे." त्याने मान डोलावली. मला हायसं वाटलं, हे खरं लिहायला हवं. त्यानंतरचे चार महिने मी निवांत होते. सह्या आपोआप व्हायच्या आणि मी मोठ्या आवृत्त्यांची नोंद वहीत करत राहायचे, जणू काही मीच सही केली आहे.

चैत्रात एका सकाळी ऑफिसात आले तेव्हा सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचा ईमेल आला होता. तुमच्या कंपनीची सही असलेला एक प्रोग्राम परदेशात सापडला आहे, तो पार्सलची पावती दाखवतो असं सांगतो आणि लोकांच्या संगणकातली माहिती चोरतो. तुमची चावी दुसऱ्याच्या हाती गेली असावी. चोवीस तासांत कळवा.

मी तो ईमेल तीनदा वाचला. पार्सल आणि पावती हे शब्द कळत होते. आमचं नाव तिथे कसं, ते कळत नव्हतं.

संतोषने अर्ध्या तासात शोधून काढलं. मोबाइल ॲपचं काम साहेबांनी पुण्यातल्या एका गटाला दिलं होतं आणि महिन्याभरापूर्वी संतोषने त्यांना आमच्या प्रोग्रामचं फोल्डर पाठवलं होतं. त्यात ती स्क्रिप्ट तशीच गेली, पासवर्डसकट. त्या गटातल्या कुणीतरी ते फोल्डर इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. तिथून ते कुणाच्या हाती लागलं, हे आजपर्यंत कळलेलं नाही.

साहेबांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. आम्ही सहा जण होतो. फोनवर बसणारी मनीषाही फोन बाजूला ठेवून आली. साहेबांचा आवाज कधी चढत नाही, त्या दिवशीही चढला नाही. ते संतोषला म्हणाले, "मॅडमचा पासवर्ड तुझ्या स्क्रिप्टमधे कसा आला?"

 त्याने माझ्याकडे पाहिलं.

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्या वहीतून घेतला का याने? ॲपचं काम करताना?"

मी काय बोलले ते मला नीट आठवतं, कारण मी काहीच बोलले नाही. वही माझ्या हातात होती. मी ती छातीशी धरली. बघणाऱ्याला वाटलं असेल, बाई वहीला जपतायत.

साहेब संतोषला म्हणाले, "तू घरी जा. ऑफिसची किल्ली टेबलावर ठेव." त्याने खिशातून किल्ली काढली, कडीतून सोडवायला थोडा वेळ लागला, ती ठेवली आणि तो जिना उतरून गेला. खाली टायरवाल्याच्या पंपाचा आवाज चालू होता.

मग आम्ही दोघं संस्थेचा फॉर्म भरायला बसलो. सर्टिफिकेट रद्द करायचं तर कारण लिहायचं आणि एक तारीख टाकायची. चावी दुसऱ्याच्या हाती कधीपासून असू शकते? त्या तारखेच्या आधीच्या सह्या चालू राहतात. नंतरच्या सगळ्या बाद.

"गेल्या महिन्याची टाका," साहेब म्हणाले. "फोल्डर तेव्हा गेलं. त्यानंतर आपली एकच आवृत्ती निघालीय, थोड्याच केंद्रांवर गेलीय. दोन दिवसांत बदलून होईल."

मी म्हटलं, "सह्यांची यादी एकदा बघते आणि उद्या सकाळी भरते. वेळ आहे."

यादी मी बघितली. क्लाऊडवर झालेली प्रत्येक सही तिथे दिसते, पण नुसत्या खुणेच्या रूपात; कशावर केली ते कळत नाही. मी आधी सह्या करायचे तेव्हा ती यादी आणि माझी वही ओळीला ओळ जुळायची. मार्गशीर्षापासून जुळेना. संतोषची स्क्रिप्ट प्रत्येक चाचणीच्या वेळीसुद्धा सही करत होती, दिवसाला दहा-दहा. त्यातली कुठली आमची, कुठली त्या परक्या माणसाची, आणि त्याने पहिली सही खरंच कधी केली, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. फोल्डर जाण्याआधीही पासवर्ड स्क्रिप्टमधे उघडाच पडलेला होता. चावी माझ्या एकटीच्या हातात शेवटची कधी होती, एवढंच खात्रीने सांगता येत होतं. भाचीच्या लग्नानंतरचा सोमवार. आणि तो दिवस सांगायचा तर त्या दिवशी काय झालं तेही सांगावं लागणार होतं.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी संतोषच्या घरी गेले. तो दारातच बसला होता. मला बघून उठला आणि आत हाक मारली, "उज्ज्वला, मॅडम आल्यात. पानी आण."

मी विचारलं, "तू बोलला का नाहीस?"

"साहेबांनी तुम्हालाच विचारलं ना मॅडम. तुम्ही शेजारीच उभ्या होता. मला वाटलं तुम्ही सांगाल. आणि स्क्रिप्ट काढून मगच फोल्डर द्यायचं होतं, ते राहिलं. ती चूक माझीच आहे."

उज्ज्वला पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिने मला विचारलं, "ह्यांनी चोरला म्हनत्यात का ऑफिसात?"

"हो."

"आन् चोरला का?"

"नाही. मी दिला."

"मंग तसं सांगा की," ती म्हणाली आणि आत जाऊन भाकरी करायला बसली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. मी पाणी पिऊन उठले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या आधी ऑफिसात पोचले. ते आले, बसले, आणि मी म्हटलं, "साहेब, तारीख मार्गशीर्षातली टाकावी लागेल. पासवर्ड मी संतोषला दिला होता. माझ्या तोंडाने. आणि कोडाची ओळ वहीतून वाचून."

साहेब बराच वेळ टेबलाचा ड्रॉवर उघडत आणि मिटत राहिले. मग म्हणाले, "त्यानंतर किती आवृत्त्या निघाल्या?"

"सहा."

"म्हणजे सगळी केंद्रं."

"सगळी."

"काल का नाही सांगितलंत?"

"घाबरले."

"कशाला? मी काय केलं असतं?"

"बावीस वर्षांत माझ्या कामात चूक निघाली नव्हती."

"आता निघाली," साहेब म्हणाले. मग ड्रॉवर बंद करून म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर विश्वास होता म्हणून मी त्याला घरी पाठवलं."

नोकरीत मला बरंच काही ऐकून घ्यावं लागलं होतं. त्यातलं बाकीचं मी विसरले आहे.

मी खरी तारीख टाकली आणि फॉर्म पाठवला. मग चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं की पासवर्ड मी दिला होता आणि काल मी गप्प बसले.  मनीषाने बशीतलं बिस्किट माझ्याकडे सरकवलं. साहेबांनी स्वतः फोन केला आणि संतोष अकरापर्यंत परत आला. मी त्याच्यासमोर उभी राहून म्हटलं, "माझी चूक झाली." तो म्हणाला, "झालं मॅडम," आणि संगणक सुरू केला.

त्याने केलेली ती सोय आता कामाला लागली. सर्टिफिकेट रद्द झालं आणि एकेका केंद्रावरचा प्रोग्राम सुरू होताना आपली सही तपासून, ती बाद आहे हे बघून, उघडायचा बंद झाला. जसं व्हायला हवं होतं तसंच. अगदी चोख काम होतं. केंद्रांवर लोक हाताने पावत्या लिहू लागले. नवीन आवृत्ती बसवणं फोनवरून सांगून जमणार नव्हतं, कारण पडद्यावर लाल पाटी दिसली की काही दाबू नका, असं आम्हीच त्यांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. नवीन सर्टिफिकेट मिळाल्यावर प्रत्येक केंद्रावर जाऊन नवीन आवृत्ती बसवायची ठरली. साहेबांनी माणसं वाटून दिली. पारनेरची बाजू मी मागून घेतली. मला मोटारसायकल चालवता येत नाही, म्हणून माझ्याबरोबर कुणीतरी हवं होतं. संतोष म्हणाला, मी येतो.

सकाळचं संकलन उरकल्यावर संध्याकाळचं सुरू होईपर्यंत केंद्र मोकळं असतं. तेवढ्यात काम करायचं. चैत्रातलं ऊन, माळरान, रस्ता कुठे आहे कुठे नाही. संतोष गाडी चालवायचा, मी मागे बसून मांडीवर बॅग धरायची. पहिले चार दिवस आम्ही फक्त रस्त्याबद्दल बोललो. पाचव्या दिवशी त्याने एका बाभळीखाली गाडी लावली आणि डबा उघडून विचारलं, "मॅडम, तुम्ही ठेचा खाता का?" मी खाते म्हटलं. उज्ज्वलाने दोघांपुरता दिला होता.

काशिनाथमामांच्या केंद्रावर आम्ही पोचलो तेव्हा ते बाहेर बाकावर बसले होते. मला बघून उठले नाहीत.

"काय झालं हुतं?" त्यांनी विचारलं. मी टँकरच्या सीलची गोष्ट सांगितली. सील मारायचं यंत्र चोराच्या हाती लागलं, म्हणून जुनी सगळी सीलं बाद केली.

"चूक कोनाची?"

"माझी."

"मंग ह्यो पोरगा कशाला संगं आनला?"

"त्याला मोटारसायकल येते."

मामांनी मान हलवली. मी संगणकापाशी जायला लागले तर म्हणाले, "थांबा." त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि आमच्या ऑफिसला फोन लावला, स्पीकरवर. मनीषाने उचलला.

"गाडेकर मॅडम हायेत का?"

"त्या पारनेरकडं गेल्यात मामा. तुमच्याकडंच आज येणार होत्या."

"कशा दिसत्यात?"

मनीषा गोंधळली. "म्हणजे... चष्मा आहे. उंचीला कमी. आज जांभळी साडी."

मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी दहा वर्षांत निदान पंधरा वेळा त्यांच्या केंद्रावर चहा प्यायले होते. "हाय बरूबर," ते फोनमधे म्हणाले आणि मला म्हणाले, "बसा आता कॉम्प्युटरवर." संतोष तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत होता. त्याचे खांदे हलत होते. त्या प्रकरणानंतर तो पहिल्यांदा हसला, तो तेव्हा.

सगळी केंद्रं सुरू व्हायला तीन आठवडे लागले. काही केंद्रांनी आम्हाला सोडलं आणि दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. साहेबांनी मला काढलं नाही. मला वाटलं होतं सहीचं काम तरी काढून घेतील, तेही घेतलं नाही. त्यांनी एवढंच केलं, की पासवर्ड एकाकडे आणि कोड दुसऱ्याकडे, अशी वाटणी केली. पासवर्ड माझ्याकडे राहिला आणि कोड मनीषाच्या मोबाइलवर गेला. सही करायची तर दोघींनी शेजारी बसायचं. स्क्रिप्टने आपोआप सही करणं बंद झालं. एकदा संस्थेने विचारलं, की अशाने काम हळू होत नाही का? साहेबांनी उत्तर पाठवलं, होतं.

संतोष त्या दिवाळीनंतर पुण्याच्या एका कंपनीत गेला. तिथे पगार जास्त होता, म्हणून गेला असेल. नसता जास्त तरी गेला असता का, ते मी त्याला विचारलं नाही. तो सोडून जाताना पेढे घेऊन आला, सगळ्यांना वाटले, माझ्या पाया पडला. त्याची ऑफिसची किल्ली त्याने ह्या वेळी आधीच कडीतून सोडवून आणली होती. ती त्याने माझ्या हातात दिली, टेबलावर ठेवली नाही. त्या सकाळी मी एक वाक्य बोलले असते तर तो जिना उतरून गेला नसता. वाक्य चार शब्दांचं होतं. पुढे मी ते सांगितलं, पण तोपर्यंत एक दिवस उलटला होता, आणि तो दिवस त्याने घरी बायकोसमोर काढला होता.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी पासवर्ड मनीषाकडे द्यायचा होता आणि कोड एका नव्या मुलीच्या मोबाइलवर जायचा होता. मनीषा एवढी वर्षं फोनवर बसलेली. प्रोग्रामिंग तिलाही येत नाही. मी माझा जुना पासवर्ड टाकून आत शिरले आणि खुर्ची तिला दिली. आता तिने नवीन पासवर्ड टाकायचा.

तिने हात कीबोर्डवर ठेवले आणि थांबली. माझ्याकडे बघून थोडी अवघडून म्हणाली, "मॅडम, तुम्ही जरा तिकडं तोंड करता का?"

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भिंतीवर टायरवाल्याचं कॅलेंडर होतं. मी त्यातल्या एकादश्या वाचत होते. मागे कळांचा आवाज येत होता. पासवर्ड चांगला लांब होता.

"झालं का गं?" मी विचारलं.

"अजून नाही," मनीषा म्हणाली. "वळू नका."